नियम लक्षात ठेवणारे यंत्र

कर्जत, नेरळ, चौक किंवा खोपोली यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत गल्ल्याशेजारी कॅल्क्युलेटर नाही असे दुकान आज सापडणे कठीण. भाताची गिरणी असो, कापडाचे दुकान असो वा सराफी पेढी असो, बारा अंकी पडद्याचे ते यंत्र तराजूइतकेच नित्याचे झाले आहे. काही शे रुपयांत मिळणाऱ्या या वस्तूच्या पूर्वजांकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. साठ वर्षांपूर्वी टेबलावर ठेवण्याजोग्या एका गणनयंत्राला आकड्यांबरोबर गणिताची रीतही लक्षात ठेवता येऊ लागली. आजच्या संगणकाकडे जाणारी एक महत्त्वाची वाट तेथून फुटली. आपण बँकेला जे व्याज देतो आणि बँकेकडून जे घेतो, त्याच्याशीही या वाटेचा निकटचा संबंध आहे. म्हणून व्यापारी कुटुंबांनी हा इतिहास जाणून घ्यावा, असे मला वाटते.

पाठांतर आणि करणसूत्र

आपल्या आजोबांच्या पिढीचे गणनयंत्र म्हणजे पाठांतर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे ज्याला तोंडपाठ, तो मुलगा पेढीवर बसण्यास योग्य ठरे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपये, आणे आणि पै यांचा हिशेब करावयाचा असे. भाताचा व्यवहार खंडी, मण आणि पायली यांत चाले. अशा हिशेबात पाढे म्हणजेच भांडवल होते.

परंतु पाढे हे गणिताचे निम्मेच अंग होय. दुसरे अंग रीतीचे. कोणत्या रकमेला कशाने गुणावयाचे, कुठे भागावयाचे, कोणत्या दिवसापासून व्याज धरावयाचे, हे दिवाणजीला ठाऊक असावे लागे. जमा व उचल यांची प्रत्येक रक्कम तिच्या तिथीपासून मोजून काढलेले कटमिती व्याज ही अशीच एक रीत. तिचे टप्पे ठरलेले असत. रक्कम बदलली तरी टप्पे बदलत नसत.

या दोन अंगांतील भेद आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला होता. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात आधी करणसूत्र येते, म्हणजे कृतीचा नियम, आणि मग त्या नियमाने सोडवावयाची उदाहरणे येतात. मिश्रक व्यवहाराच्या प्रकरणात मुद्दल, काळ आणि व्याज यांची अनेक उदाहरणे आहेत. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली प्रसिद्ध केली. नियम एकदा लिहून ठेवावा आणि उदाहरणे हवी तेवढी सोडवावीत, या विचारावर चालणारे टेबलावरचे यंत्र इटलीत त्याच सुमारास आकार घेत होते.

दांड्याचे यंत्र

त्याआधीची यंत्रे दांडा फिरवून चालत. स्वीडनचे फॅसिट यंत्र आपल्याकडील बँका, विमा कार्यालये व कारखाने यांत परिचित होते. त्यावर ३४७ ला २६ ने गुणावयाचे असेल तर ३४७ हा आकडा लावून दांडा सहा वेळा फिरवावयाचा, मग एक घर सरकून आणखी दोन वेळा फिरवावयाचा. आठ फेऱ्यांत ९,०२२ हे उत्तर खिडकीत दिसे.

यंत्र बेरीज अचूक करी. पण पुढे काय करावयाचे ते त्याला ठाऊक नसे. शंभर खात्यांचे व्याज काढावयाचे तर माणसाने तेच टप्पे शंभर वेळा मनात घोळवावयाचे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. त्या पिढीतील अभियंत्यांची साधने म्हणजे लॉगरिदमचे तक्ते व सरकपट्टी. साधन कोणतेही असो, रीत माणसाच्या डोक्यात आणि कष्ट त्याच्या हातांत, अशीच विभागणी होती. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. त्याला रीत लक्षात ठेवता येत होती. पण हजारो निर्वात नलिकांचे ते यंत्र संशोधकांसाठी होते. व्यापाऱ्याच्या किंवा कारकुनाच्या टेबलाशी त्याचा संबंध नव्हता.

प्रोग्रामा १०१

इटलीतील इव्रेआ या गावी ऑलिव्हेत्ती कंपनी टंकलेखन व गणनयंत्रे बनवीत असे. तिने संगणकांच्या क्षेत्रातही पाऊल टाकले होते. कंपनीचे प्रमुख अद्रियानो ऑलिव्हेत्ती १९६० साली निधन पावले, आर्थिक अडचणी वाढल्या आणि १९६४ साली इलेक्ट्रॉनिक विभाग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हाती गेला. पिएर जॉर्जो पेरोत्तो या अभियंत्याची छोटी तुकडी त्या वेळी एका नव्या यंत्रावर काम करीत होती. जोवान्नी दे सांद्रे आणि गास्तोने गार्झिएरा हे त्याचे सहकारी. आपले यंत्र संगणक म्हणून नोंदले गेले तर तेही विकलेल्या विभागाबरोबर जाईल हे त्यांनी ओळखले आणि त्याची नोंद गणनयंत्र अशी करून घेतली. कॅल्क्युलेटरचा धंदा ऑलिव्हेत्तीकडेच राहिला होता. त्यामुळे यंत्र वाचले.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हे ‘प्रोग्रामा १०१’ प्रथम लोकांसमोर आले. कंपनीची भिस्त तेव्हा तिच्या नव्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर होती आणि प्रोग्रामाला आडबाजूची जागा मिळाली होती. लोकांची गर्दी मात्र तिकडेच झाली. किंमत ३,२०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे पंधरा हजार रुपये. तरीही पुढे चाळीस हजारांहून अधिक यंत्रे विकली गेली. अमेरिकेच्या नासा संस्थेने अपोलो ११ च्या तयारीत ती वापरली.

त्याची स्मृती कशी चाले हे पाहण्यासारखे आहे. आजच्यासारखी चिप तेव्हा टेबलावरच्या यंत्रांत आलेली नव्हती. गुंडाळलेल्या एका लांब तारेच्या एका टोकाला सूक्ष्म कंपने सोडली जात. ती दुसऱ्या टोकाला पोचली की पकडून पुन्हा पहिल्या टोकाला पाठविली जात. दुकानातून निरोप घेऊन निघालेला मुलगा तो विसरू नये म्हणून वाटभर पुटपुटत जातो, तसाच हा प्रकार. कंपने फिरत राहतील तोवर आकडे व आज्ञा जिवंत. अशा १२० आज्ञा यंत्रात मावत. वीज बंद झाल्यावर त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून चुंबकीय लेप असलेल्या कार्डावर त्यांची नोंद करता येई. कार्ड पुन्हा यंत्रात घातले की रीत पुन्हा हजर.

या कार्डाचे महत्त्व मोठे आहे. अनुभवी माणसाने एकदा रीत बसवून कार्ड तयार केले की नवखा कारकून ते यंत्रात सारून केवळ रकमा भरू शके. दिवाणजीच्या डोक्यातील करणसूत्र प्रथमच त्याच्यापासून वेगळे होऊन दप्तरात ठेवता येऊ लागले.

नाव काय द्यावे?

अमेरिकेच्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६८ साली ‘९१००ए’ हे यंत्र बाजारात आणले. किंमत ४,९०० डॉलर. १९६६ च्या अवमूल्यनानंतरच्या साडेसात रुपये दराने ३६,७५० रुपये, आणि जकात वेगळी. वर्गमूळ, लॉगरिदम व त्रिकोणमिती ही गणिते ते एका कळीसरशी करी आणि १९६ टप्प्यांची रीत स्मरणात ठेवी. कार्डाची कल्पना व रचनेतील काही भाग ऑलिव्हेत्तीच्या पेटंटखाली येत असल्याने ह्यूलेट-पॅकार्डला सुमारे नऊ लाख डॉलर द्यावे लागले. दुसऱ्याच्या बुद्धीचे मोल चुकवूनच व्यापार पुढे जातो, याचा हा चांगला दाखला आहे.

हे यंत्र गुणांनी संगणकच होते. तरीही कंपनीने त्याला कॅल्क्युलेटर म्हटले. संगणक म्हटले असते तर मोठ्या कचेऱ्यांतील संगणक विभागांनी त्याच्या खरेदीत खोडा घातला असता, असे बिल ह्यूलेट यांनी पुढे सांगितले. इटलीतही नावानेच यंत्र वाचले होते. नावाचा हा खेळ आपल्या बँकांतही पुढे कसा रंगला, ते ओघाने येईलच.

एक जपानी सौदा

जपानच्या बिझिकॉम या कॅल्क्युलेटर कंपनीने १९६९ साली अमेरिकेतील इंटेल या नवख्या कंपनीकडे आपल्या यंत्रांसाठी चिपांचा संच बनविण्याचे काम सोपविले. प्रत्येक कामासाठी वेगळी चिप बनवीत बसण्यापेक्षा एकच सर्वसाधारण चिप बनवावी आणि कामाचा नियम स्मृतीत लिहावा, असे इंटेलच्या टेड हॉफ यांनी सुचविले. बिझिकॉमचे मासातोशी शिमा आणि इंटेलचे फेडेरिको फॅजिन यांनी ती कल्पना प्रत्यक्षात उतरविली. फॅजिन हे इटालियन. तरुणपणी त्यांनी ऑलिव्हेत्तीतच काम केले होते. ही चिप म्हणजे ‘४००४’, जगातील पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते.

मूळ करारानुसार ही चिप फक्त बिझिकॉमला विकता येणार होती. कॅल्क्युलेटरच्या बाजारात भाव कोसळू लागले तेव्हा बिझिकॉमने स्वस्त दर मागितला. इंटेलने दर कमी केला, विकासासाठी मिळालेले साठ हजार डॉलर परत केले आणि त्या बदल्यात इतरांनाही चिप विकण्याचा हक्क मिळविला. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती खुल्या बाजारात आली. पुढे तीन वर्षांत बिझिकॉम दिवाळखोरीत निघाली. तात्कालिक सवलतीसाठी कोणता हक्क सोडावा आणि कोणता सोडू नये, हे शिकविणारा असा सौदा व्यापाराच्या इतिहासात विरळा.

आपल्या देशात

परदेशी यंत्र मागवावयाचे तर तेव्हा आयात परवाना लागे. ह्यूलेट-पॅकार्डची उपकरणे भारतात विकण्याचे काम मुंबईची ब्लू स्टार कंपनी करी. पण किमती संशोधन संस्था व मोठे कारखाने यांनाच परवडत. देशी कॅल्क्युलेटर बनविणाऱ्यांत दिल्लीचा डीसीएम समूह आघाडीवर होता. त्याच्या कॅल्क्युलेटर विभागातील शिव नाडर व त्यांचे काही सहकारी बाहेर पडले. ‘मायक्रोकॉम्प’ नावाने त्यांनी आधी कॅल्क्युलेटर विकले आणि १९७६ साली १,८७,००० रुपयांच्या भांडवलावर ‘एचसीएल’ उभी केली. भारतीय संगणक उद्योगातील हे मोठे घराणे असे कॅल्क्युलेटरच्या नफ्यातून जन्मले.

बँकांत परिस्थिती वेगळी होती. संगणक आला की नोकऱ्या जातील ही भीती कर्मचारी संघटनांना होती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. ८ सप्टेंबर १९८३ रोजी भारतीय बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली अहवाल दिला. त्यानंतर शाखांत जी यंत्रे आली त्यांचे नाव ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’, म्हणजे खतावणीचे प्रगत यंत्र. आत मायक्रोप्रोसेसर होता, स्मृती होती, व्याजाची रीत साठविलेली होती. तरीही संगणक हा शब्द टाळून ते आत आले. इव्रेआ आणि कॅलिफोर्नियात जे घडले, तेच येथे वीस वर्षांनी घडले.

दहा तारखेचा नियम

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखप्रपंच, तिच्याकडे वळतो. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरील व्याजाचा नियम असा होता: महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज.

एक उदाहरण घेऊ. तीस दिवसांच्या महिन्यात एखाद्याच्या खात्यात ५०,००० रुपये आहेत. बारा तारखेला भात खरेदीसाठी त्याने ४५,००० काढले आणि चौदा तारखेला तेवढेच पुन्हा भरले. किमान शिल्लक ठरली ५,०००. साडेतीन टक्क्यांनी त्याला व्याज मिळाले १४ रुपये ५८ पैसे. रोजच्या शिलकीवर हिशेब केला तर २८ दिवस ५०,००० आणि दोन दिवस ५,००० धरून व्याज होते १३५ रुपये २१ पैसे. दोन दिवसांच्या उचलीपायी महिन्याचे १२० रुपये गेले.

हा नियम कुणाच्या दुष्टाव्याने झालेला नव्हता. शाखेत हजारो बचत खाती असत आणि सहामाहीचे व्याज हातांनी काढावे लागे. लेजरच्या प्रत्येक पानावर दहा तारखेनंतरची सर्वांत लहान शिल्लक शोधून ती मांडावयाची, बेरीज करावयाची, तक्त्यावरून व्याज पाहावयाचे, दुसऱ्याने ते तपासावयाचे. जून व डिसेंबरच्या अखेरीस कर्जत-खोपोलीच्या शाखांत रात्रीच्या शेवटच्या लोकलच्या वेळापर्यंत दिवे जळत. मीही त्या टेबलांवर बसलो आहे. रोजच्या शिलकीचा हिशेब एवढ्या खात्यांसाठी हातांनी होणे शक्यच नव्हते. कॅश क्रेडिटच्या कर्जखात्यांवर मात्र रोजच्या बाकीवरच व्याज आकारले जाई. ती खाती थोडी होती आणि रक्कम मोठी होती. घेताना दिवस मोजले जात, देताना महिना.

जुने व्यापारी हे पक्के ओळखून होते. ते उचल नऊ तारखेपर्यंत करीत आणि दहा तारखेच्या आत पैसे भरीत. ज्यांना हा नियम ठाऊक नव्हता, ते शेतकरी, शिक्षक आणि विधवा भगिनी वर्षानुवर्षे व्याज गमावीत राहिल्या. शाखांचे संगणकीकरण समाधानकारक झाल्याचे लक्षात घेऊन रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून दैनिक शिलकीवर व्याज देणे सर्व व्यापारी बँकांना बंधनकारक केले. न्याय्य रीत सर्वांना माहीत होती; ती पाळण्याचे कष्ट यंत्राने उचलले तेव्हाच ती सर्वांच्या वाट्याला आली. प्रोग्रामाच्या कार्डापासून सुरू झालेल्या प्रवासाचे आपल्या घरापर्यंत पोचलेले हे फळ होय.

सपाट व्याजाची गोष्ट

याच यंत्राची दुसरी बाजूही पाहावी. एखादा सावकार किंवा वित्तसंस्था म्हणते, ‘एक लाख घ्या, बारा टक्के सपाट व्याज, बारा हप्ते.’ एकूण १,१२,००० भागिले बारा, हप्ता ९,३३३ रुपये. ऐकावयास सोपे वाटते. परंतु मुद्दल दरमहा फेडत असताना व्याज मात्र वर्षभर पूर्ण लाखावर दिले जाते. मग खरा दर किती?

तो सरळ सूत्राने निघत नाही. अंदाज घेत जावे लागते. घटत्या बाकीवर १८ टक्के धरल्यास हप्ता ९,१६८ येतो, म्हणजे दर याहून जास्त. २४ टक्के धरल्यास ९,४५६, म्हणजे दर याहून कमी. २१ टक्क्यांना ९,३११, २२ टक्क्यांना ९,३५९. खरा दर या दोहोंच्या मध्ये, सुमारे साडेएकवीस टक्के. ‘उत्तर कमी आले तर दर वाढव, जास्त आले तर उतरव, आणि जुळेपर्यंत पुन्हा कर’ ही जी अट घातलेली पुनरावृत्ती, तीच या यंत्रांची खरी करामत. साध्या कॅल्क्युलेटरला ती येत नाही. प्रोग्रामा १०१ ला ती १९६५ सालीच येत होती.

मात्र यंत्र सपाट व्याजाची रीतही तेवढ्याच निष्ठेने पाळते. रीत कुणी लिहिली आणि कुणाच्या हिताची लिहिली, हे ते विचारीत नाही. हप्ता पैशापर्यंत अचूक छापून येतो, म्हणून ग्राहक तो योग्यच समजतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ व लघुउद्योग मुदत कर्जांसाठी बँका व बिगर-बँकिंग वित्तसंस्थांनी वार्षिक खऱ्या दरासह ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने आवश्यक केले आहे. तो कागद सही करण्यापूर्वी मागून घ्यावा. खाजगी उसनवारीत असा कागद कुणी देत नाही. तेथे हिशेब आपणच करावयाचा.

आपल्या घरांतील पुढची पिढी पावकी-निमकी पाठ करणार नाही, आणि त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. गुणाकार यंत्राने करावा. परंतु व्याज रोजच्या बाकीवर की सपाट, आकारणी महिन्याला की तिमाहीला, वर्षाचे दिवस ३६५ की ३६०, हप्ता आधी मुद्दलात जातो की व्याजात, हे चार प्रश्न पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला विचारता आले पाहिजेत. दिवाळीत वहीपूजन होते, त्या दिवशी चालू वर्षातील एखादे कर्ज घेऊन त्याचा खरा दर मुलांकडून काढून घ्यावा. अर्धा तास पुरतो, आणि आता त्यासाठी ३६,७५० रुपयांचे यंत्रही लागत नाही.